टॅब्लेट संगणक: वजन, पोर्ट आणि उपयुक्तता

सन २०१० मध्ये आलेल्या पहिल्या आयपॅडचे वजन ६८० ग्रॅम, तर सात इंची पडद्याच्या गॅलेक्सी टॅबचे ३८० ग्रॅम होते. यूएसबी पोर्ट नसल्याने दोहोंना पेन ड्राइव्ह थेट जोडता येत नसे. कपिल सिब्बल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत सादर केलेल्या, विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त 'आकाश'ला मात्र असे दोन पोर्ट होते. वजन सुमारे ३५० ग्रॅम. परंतु त्याचा पडदा दाबल्याखेरीज प्रतिसाद देत नसे आणि बॅटरी गॅलेक्सी टॅबच्या जेमतेम निम्म्या क्षमतेची होती. भारनियमनाच्या गावात ही उणीव पोर्टांच्या सोयीहून मोठी ठरते. नोव्हेंबर २०१२ मधील 'आकाश-२'ला हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा मिळाला.