तट, भुयार आणि धान्य

१३५७च्या सुमारास चीनमधल्या हुइझोऊ भागात झू युआनझांग हा बंडखोर सेनापती झू शेंग नावाच्या विद्वानाचा सल्ला घ्यायला गेला. मंगोलांची युआन राजवट खिळखिळी झाली होती, नानजिंग नुकतेच झू युआनझांगच्या हाती आले होते. झू शेंगने त्याला तीन गोष्टी सांगितल्या: तट उंच बांधा, धान्य भरपूर साठवा, राजेपदाची घाई करू नका. दुसरी गोष्ट झू युआनझांगला समजावून सांगावी लागली नसेल. १३४४च्या दुष्काळात आणि साथीत त्याचे आईवडील गेले होते. भिक्षू होऊन त्याने भिक्षा मागितली होती. १३६८मध्ये हाच माणूस मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला.

सहाशे वर्षांनी माओने तोच सल्ला बदलून वापरला. १९६४पासून सिचुआन-ग्वेइझोऊच्या डोंगरांत युद्धकाळासाठी कारखाने उभे राहतच होते. मार्च १९६९मध्ये उसुरी नदीतल्या झेनबाओ बेटावर सोव्हिएत सैन्याशी चकमकी झाल्या आणि अणुहल्ल्याची भीती दाराशी आली. अणुबॉम्बपुढे तटाचा काय उपयोग? बीजिंगच्या पोटात सामान्य नागरिकांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, साध्या अवजारांनी भुयारे खणली. १९७२च्या अखेरीस घोषणा ठरली: भुयारे खोल खणा, धान्य सर्वत्र साठवा, वर्चस्वाच्या मागे लागू नका.

तटाचे भुयार झाले, धान्य मात्र जागचे हलले नाही. त्याची मुळे झू शेंगच्याही मागे जातात. इ.स.पू. ५४मध्ये हान दरबारातल्या गंग शौचांगने सीमाप्रांतांत कोठारे बांधायला लावली. स्वस्ताईत खरेदी, महागाईत विक्री, आणि सीमेवरच्या फौजेला रसद.

या परंपरेचे कौतुक करताना माओच्याच राजवटीतला १९५९-६१चा दुष्काळ विसरणे मला अक्षम्य वाटते. कोट्यवधी माणसे मेली. त्या काळात सरकारी कोठारांत धान्य होते, १९६०मध्येही निर्यात चालू होती. फुगवलेल्या उत्पादनाच्या आकड्यांवरून गावांकडून वसुली झाली होती. संकटासाठी राखलेला साठा आपल्याच माणसांच्या तोंडचा घास ठरू शकतो, हे तिथे दिसले.

आज केंद्र सरकारच्या साठ्याची जबाबदारी २०००मध्ये स्थापन झालेल्या सिनोग्रेन या सरकारी कंपनीकडे आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजानुसार जगातल्या गव्हाच्या साठ्यापैकी जवळपास निम्मा चीनकडे आहे. मक्याचा वाटा त्याहून मोठा. सोयाबीन मात्र ऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेतून. डुकरे-कोंबड्यांचे खाद्य त्यावर चालते, आणि ते जवळजवळ सगळे समुद्रमार्गे येते.