किल्लारी आणि कलम २१

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भाग हादरला. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून हजारो माणसं गेली. आम्ही लातूरचे. मी तेव्हा दुसरीत होतो.

एका घरातली माणसं एकाच रात्री गेली, तर आधी कोण गेलं? वारस ठरवताना हे विचारावंच लागतं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात उत्तर तयार आहे. कलम २१ : उलट पुरावा नसेल, तर धाकटा मागं राहिला असं धरायचं.

परवा हे वाचलं आणि म्हटलं, आपल्यावर टेस्ट करून बघू. बायको नांदेडची, माझ्याहून लहान. दोघं पुण्यात नोकरीला, मूल नाही. एकाच अपघातात दोघंही गेलो तर? कायद्याच्या लेखी ती माझ्यामागं राहिली. मग कलम १५ : नवरा-मुलं नसतील, तर तिच्या स्वकमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क, आईवडील त्यानंतर. म्हणजे तिचा पैसा लातूरला, आणि तिला शिकवणारे नांदेडला रिकाम्या हाती!

त्याच रविवारी दोघांनी आपापलं मृत्युपत्र केलं. साधा कागद, सही बघणारे २ साक्षीदार, आणि 'दोघंही एकदम गेलो तर' याचं वेगळं वाक्य. मूल झालं, घर घेतलं की नवं करायचं. शेवटचं तेच खरं.

असो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. 'अभद्र बोलू नका' म्हणतील.