किल्लीची आगगाडी

परभणीस आगगाडीचें कौतुक नवें नाहीं. मनमाड-सिकंदराबाद हा निजामी राज्यांतील लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास खुला झाला, तो याच गांवावरून. रुळांतील अंतर अवघें एक मीटर! आमचें बालपण त्या खडखडाटांत गेलें. आतां येथें सर्वत्र रुंद रूळ आहेत.

म्हणूनच खेळण्यांतील जुन्या आगगाड्या जमविणाऱ्यांस मी वेडे म्हणत नाहीं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनें १९२० सालीं किल्लीची गाडी बाजारांत आणली. तिचे रूळ ३२ मिलिमीटरचे. तसल्या गाड्या हौशी लोक आज धुंडून काढतात. पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं तर १९९८ सालीं लघुरेल्वेचें संग्रहालयच उघडलें.

मात्र जुनी गाडी हातीं येतांच तिला नवा रंग फांसणें मला मुळींच रुचत नाहीं. कोणा पोरानें ती भिंतीवर आदळली असेल; तो पोचा हाच तिचा इतिहास. (रंगविल्यानें भावही उतरतो, तें निराळें.)

मीटरमापी मार्गाची १:८७ प्रमाणांत प्रतिकृति करणारे १२ मिलिमीटरचे रूळ वापरतात. माझ्या नातवंडांस परभणीची जुनी गाडी दाखवावयाची, तर ती आतां एवढ्याशा रुळांवरूनच यावयाची.