‘हाली’ म्हणजे चालू: परभणीतला जुना रुपया आणि क्लाउडमधलं जुनं रनटाइम

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आज बोलायचंय ‘एंड ऑफ लाइफ’वर. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या आवृत्तीचा सपोर्ट संपतो, म्हणजे नेमकं काय संपतं? आणि ज्याचं काम त्या आवृत्तीवर उभं आहे, त्याचं काय होतं? याचं उत्तर क्लाउड कंपनीच्या पानांवर आहेच. पण आपल्या परभणी जिल्ह्याच्या इतिहासातही आहे, आणि तिथं ते जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून आधी इतिहास.

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. १९४८ च्या त्या दिवसापर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. या संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. स्वतःची टांकसाळ, स्वतःचे रुपये, आणि १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटासुद्धा. त्या नोटांवर उर्दूबरोबर मराठीतही किंमत लिहिलेली असायची.

या चलनाला लोक ‘हाली सिक्का’ म्हणायचे. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आपण ‘हल्ली’ म्हणतो ना, त्याच घराण्यातला शब्द. म्हणजे नाण्याचं नावच ‘चालू नाणं’! कोडिंग करणाऱ्यांना यात ओळखीचं काही दिसेल. आपणही आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहून मोकळे होतो. लेटेस्ट आज असतं, उद्या नसतं. नाव मात्र तेच राहतं.

संस्थानाबाहेर ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया चालायचा. तो कलदार. दोघांचा भाव ठरलेला होता: सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजा. आता विचार करा, इथला कापूस रेल्वेनं मनमाडमार्गे मुंबईकडे जाणार. मुंबईचा हिशोब कलदारात, गावातला हालीत. व्यापाऱ्याच्या डोक्यात कायम दोन वह्या.

१९४८ नंतर संस्थान भारतात आलं. मग हाली दुसऱ्या दिवशी बंद झाला का? नाही, आणि इथंच शिकण्यासारखं आहे. आधी भारतीय रुपया शेजारी आणून ठेवला. सात-सहाचा भाव तोच ठेवला. मग नवीन हाली काढणं थांबलं, पण लोकांच्या हातातला चालत राहिला. शेवटी १९५० च्या दशकातच तो कायदेशीर चलनातून पूर्ण गेला. नवं आणणं, जुनं नव्यानं न काढणं, जुनं न स्वीकारणं: तीन वेगळ्या पायऱ्या, आणि मधे श्वास घ्यायला जागा.

तेवढ्यात पुढचा बदल आला. १ एप्रिल १९५७ पासून देशभर दशमान पद्धत लागू झाली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आता एका आण्याचे किती पैसे? सव्वासहा. पण पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून कोष्टक केलं: एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. बघा, एक आण्याची वस्तू सोळा वेळा विकली तर दुकानदाराला रुपयाऐवजी ९६ पैसे मिळणार. आपण ज्याला राउंडिंगचा बग म्हणतो, तो तेव्हा गल्ल्यात पडत होता. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं एकत्र चालली. लोकांना सवय झाल्यावर, १ जून १९६४ पासून, ‘नया पैसा’मधला ‘नया’ काढून टाकला. दरम्यान १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं शेर-मण जाऊन किलो आला आणि १९६२ मध्ये तो सक्तीचा झाला.

म्हणजे परभणीच्या मोंढ्यात बसणाऱ्या माणसानं पंधरा वर्षांच्या आत हाली, कलदार, नवे पैसे आणि किलो, सगळं पचवलं. तेही मोबाइलशिवाय. मधल्या काळात १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, ते वेगळंच.

आता येऊ क्लाउडकडे.

सर्व्हरलेस म्हणजे पिठाची गिरणी समजा. घरी चक्की घ्यायची नाही, विजेचं बघायचं नाही. धान्य घेऊन जा, दळून आणा, दळणापुरते पैसे द्या. इथं धान्य म्हणजे तुमचा कोड आणि डेटा. आणि दळणारा दगड म्हणजे रनटाइम: पायथॉन किंवा नोडची ठरावीक आवृत्ती, जी कंपनी सांभाळते. ॲमेझॉननं लॅम्डा ही सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केली, तेव्हा तिथं फक्त नोड होतं. पायथॉन २.७ वर्षभरानं आलं. त्यांचं मुंबईतलं रीजन २०१६ मध्ये सुरू झालं आणि हैदराबादचं नोव्हेंबर २०२२ मध्ये. ज्या हैदराबादचा रुपया परभणीत चालायचा, तिथल्या डेटा सेंटरवर आज परभणीच्या पोरांचा कोड चालू शकतो.

पण दगड कधीतरी बदलावाच लागतो. आणि तारीख गिरणीवाल्यालाही पूर्ण स्वतःच्या मनानं ठरवता येत नाही, कारण दगड त्यानं घडवलेला नसतो.

पायथॉनचंच घ्या. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. जुना कोड त्यावर जसाच्या तसा चालत नव्हता. पायथॉन २.७ चा सपोर्ट २०१५ मध्ये संपणार होता, पण लोक सरकेनात. म्हणून २०१४ मध्ये मुदत वाढवून १ जानेवारी २०२० केली. नवं येऊन अकरा वर्षं होऊन गेली तेव्हा कुठं जुनं थांबलं. लॅम्डानं त्यानंतरही २.७ ला काही काळ सांभाळलं आणि २०२१ मध्ये हात काढला.

उलटंही घडतं. नोड १६ एप्रिल २०२४ पर्यंत चालणार होतं. पण ते ज्या ओपनएसएसएल १.१.१ वर उभं होतं, त्याचाच सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपत होता. नोडवाल्यांनी आपली तारीख सात महिने अलीकडे, त्याच दिवशी आणली. म्हणजे तुमचा कोड रनटाइमवर, रनटाइम लायब्ररीवर, आणि लायब्ररी सांभाळणारी माणसं मोजकी. तळातली वीट निघाली की वरचे सगळे हलतात.

आता मुख्य प्रश्न: तारीख उलटली की काय होतं? लॅम्डावर त्या दिवशी काहीच बंद पडत नाही. आधी सुरक्षेचे पॅच आणि मदत थांबते. पुढच्या टप्प्यात त्या रनटाइमवर नवीन फंक्शन बनवता येत नाही. त्यानंतर जुनं अपडेटही करता येत नाही. पण जे चालू आहे ते चालत राहतं. हाली सिक्क्यासारख्याच पायऱ्या.

सारखेपणा मात्र इथंच संपतो. हालीचा रुपया चलनातून गेला तरी त्यात चांदी होती. सोनाराकडे नेला तर काहीतरी मिळायचं. तो गाडग्यात पडून राहिला म्हणून घराला धोका नव्हता. जुन्या रनटाइमचं तसं नाही. त्यातली भोकं दर महिन्याला नव्यानं सापडतात, जगजाहीर होतात, आणि बुजवणारं कुणी नसतं. वरून सगळं हिरवं दिसतं, आणि आतून दार उघडं.

दुसरा फरक याहून मोठा. जुना रुपया कुठं ठेवलाय हे घरातल्या बाईला पक्कं माहीत असायचं. जुनं फंक्शन कुठं आहे हे पुष्कळदा कुणालाच माहीत नसतं. एखाद्या पोरानं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बाजारभावाचा मेसेज पाठवणारं फंक्शन बनवलं. लोक वापरायला लागले. पोरगा नोकरीला पुण्याला गेला. ॲमेझॉन किमान १८० दिवस आधी कळवतं, पण ईमेल जातो कॉलेजच्या बंद पडलेल्या आयडीवर. शेतकऱ्याला रोज भाव येतोय, त्याचा मोबाइल नंबर तिथं साठवलेला आहे, आणि त्या नंबरांची राखण करणारं कुणी नाही. नुकसान झालंच तर ते फंक्शन लिहिणाऱ्याचं होत नाही.

म्हणून मला वाटतं, ‘सर्व्हरलेस’ या शब्दानं आपली थोडी दिशाभूल केली. स्वतःचा सर्व्हर असता तर जुनं पायथॉन दहा वर्षं चालवायची मुभा आणि जोखीम दोन्ही आपली. इथं आपण रोजची देखभाल दुसऱ्याकडे दिली आणि बदल्यात त्याची तारीख मान्य केली. सौदा वाईट नाही. पण तो सालगड्याच्या करारासारखा आहे. पाडव्याला साल धरलं की पुढच्या पाडव्याला ते संपणार, हे मालकालाही माहीत असतं आणि गड्यालाही. पाडवा आल्यावर ‘अरे, अचानक कसं?’ असं कुणी म्हणत नाही.

आपले पाडवेही ठरलेले आहेत. नोडची सम आकड्याची आवृत्ती साधारण तीन वर्षं जगते आणि एप्रिलच्या शेवटी संपते. नोड १८ गेलं ३० एप्रिल २०२५ ला, नोड २० ची तारीख ३० एप्रिल २०२६. पायथॉनची आवृत्ती पाच वर्षं जगते आणि ऑक्टोबरमध्ये संपते. फंक्शन बनवतानाच रीडमीमध्ये एक ओळ लिहा: हे कशावर चालतं, ते कधी संपतं, आणि माझ्यानंतर कुणाला विचारायचं. सूचना जाणारा ईमेल एकट्याचा नको, दोघा-तिघांचा असू द्या.

हाली गेला, आणे गेले, ३० जून २०११ पासून चार आणेही गेले. तरी ‘सोळा आणे खरं’ आपण आजही म्हणतो. भाषेत जुनं राहिलं तर बिघडत नाही. प्रॉडक्शनमध्ये राहिलं तर दुसऱ्याच्या घरात चोर शिरतो.

तुमच्याकडे आजी-आजोबांच्या हाली-कलदारच्या आठवणी असतील तर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांच्याच आवाजात. भेटू पुढच्या भागात!