स्टेपनी, साडेपाच इंच आणि आठ भोकं

मंडळी, या वीकांताचा विषय चाक. म्हणजे गोल चाकाचा शोध वगैरे नाही, तो आपण शाळेत उरकलाय. गाडीचं चाक ज्या चार-पाच नटांनी हबला धरलेलं असतं ना, ती भोकं. ती सगळ्या गाड्यांना सारखी का नसतात, आणि नसली तर माणसं काय काय उद्योग करतात, त्याचा हा थोडासा इतिहास.

सुरुवात एका शब्दापासून करतो. पेणच्या किंवा रोह्याच्या टायरवाल्याकडे 'स्पेअर व्हील' मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण सगळे 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याचा आहे. स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं आणि १९०४ च्या सुमारास त्यांनी एक चीज बाजारात आणली. त्या काळात मोटारीचं चाक सहज काढता यायचं नाही. पंक्चर झालं की तिथेच रस्त्याकडेला बसून टायर उचकटा, ट्यूब काढा, ठिगळ लावा. डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरसकट एक नुसती रिम केली. ना आरे, ना हब. ती पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ठेवायची, चिमट्यांनी त्याच चाकाला आवळायची आणि निघायचं. म्हणजे मूळची स्टेपनी हे बदली चाक नव्हतंच; ते चाकावर चढवलेलं चाक होतं. पुढे चाकं नट काढून बदलता येऊ लागली आणि ती कल्पना संपली. शब्द मात्र आपल्याकडे राहिला. ज्या शब्दाने आपण सुटं चाक मागतो, तो मुळात एका ॲडॅप्टरचा आहे. मला हे कळलं तेव्हा भलताच आनंद झाला होता :)

(चाकावर चाक चढवायची हौस आपल्या भागातही कमी नाही. कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला मालट्रकच्या मालट्रक वाघिणीवर चढवून नेले. असो.)

तर चाकं सुटी झाली, आणि भांडण सुरू झालं. हबवर स्टड किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. या व्यासाला गॅरेजवाले पीसीडी म्हणतात. मारुती ८०० चा आकडा ४ x ११४.३. स्विफ्टचा ४ x १००. फियाट पॅलिओचा ४ x ९८, दोन मिलिमीटर कमी! जिप्सी आणि बोलेरो ५ x १३९.७. पहिला आकडा स्टडचा, दुसरा मिलिमीटरचा. आता शंभर समजू शकतो, पण १३९.७ हा आकडा कुठला शहाणा माणूस कागदावर काढेल?

२५.४ ने भागून बघा. १३९.७ म्हणजे बरोबर साडेपाच इंच. ११४.३ म्हणजे साडेचार इंच. मिलिमीटरचा सदरा घातलेले इंच आहेत हे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तरी पेणच्या गणपतीच्या मूर्ती अजून फुटांवर विकल्या जातात आणि सुतार अजून 'साडेपाच इंच, दोन सूत' असंच बोलतो. गाड्यांचंही तेच. आकडा बदलला, भोक जागचं हललं नाही.

साडेपाच इंचांची गोष्ट तर फारच लांब जाते. हे माप दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. दोन्हींचे भाग अदलाबदल करता आले पाहिजेत ही लष्कराची अट. विलीजची जीप बिघडली तर शेजारच्या फोर्डची चाकं काढून लावा, काम चालू. या जीपला आणखी एक गंमत होती: डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. ज्याला हे माहीत नाही तो पान्यावर उभा राहून स्टड मोडायचा.

युद्ध संपलं आणि महिंद्रांनी विलीजकडून सुटे भाग आणून मुंबईत मझगावला जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे इथेच बनवू लागले. जपानात १९५३ पासून मित्सुबिशीने विलीजच्याच परवान्यावर जीप काढली. मग सुझुकीने १९७० मध्ये स्वतःची छोटी जीप काढली, तिलाही पाच स्टड, साडेपाच इंच. तीच वंशावळ १९८५ मध्ये जिप्सी होऊन आपल्याकडे आली आणि २०२३ मध्ये जिमनी होऊन. म्हणजे कुलाबा जिल्ह्याचं रायगड होण्याआधी तालुक्याच्या कचेरीसमोर उभ्या असलेल्या जीपच्या चाकाची भोकं आजच्या जिमनीच्या स्टडवर जुळतात. ऐंशी वर्षांची बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी! आमच्या हापिसात तीन वर्षांपूर्वीची फाइल उघडत नाही. (भोकं जुळली म्हणून चाक लावू नका, रिमची रुंदी आणि ऑफसेट वेगळे असतात.)

उलट उदाहरण लँड रोव्हरचं. त्यांचा पहिला नमुना चक्क जीपच्या सांगाड्यावर बांधला होता. पण १९४८ ला गाडी बाजारात आणताना वर्तुळ केलं साडेसहा इंच, १६५.१. का कुणास ठाऊक. लोकांना आपलं वेगळं असावंसं वाटतं.

हे सगळं मी खोदत बसलो त्याला कारण रोह्याचा मामेभाऊ. त्याच्याकडे जपून ठेवलेली ८०० आहे. तिला १२ इंची चाकं. त्याला स्वस्तात १३ इंची अलॉय मिळाली, ४ x १०० ची. आणि एक लेथवाला प्लेट कापून ॲडॅप्टर करून द्यायला तयार. गाडी रोज भिसे खिंडीतून नागोठणे आणि पुढे पेण, बऱ्याचदा मामीसकट. त्याने फोन केला, "दादा, तू इंजिनिअर ना, सांग चालेल का."

आधी भूमिती. ११४.३ आणि १०० या वर्तुळांच्या त्रिज्यांत फरक फक्त ७.१५ मिलिमीटर. स्टड १२ मिलिमीटरचा. म्हणजे एकाच रेषेत दोन भोकं पाडली तर ती एकमेकांत घुसतात. म्हणून नवी भोकं ४५ अंश फिरवून जुन्यांच्या मधोमध घ्यावी लागतात. शिवाय गाडीचे मूळ स्टड आणि त्यांचे नट प्लेटच्या जाडीत बुडाले पाहिजेत, नाहीतर चाक सपाट टेकणारच नाही. त्यामुळे प्लेट साधारण २५ मिलिमीटर जाड. तेवढं चाक बाहेर येतं, बेअरिंगवरचा जोर वाढतो आणि स्टिअरिंगला प्रत्येक खड्ड्याचा हिसका जास्त लागतो. आणि पेण ते नागोठणे पट्ट्यातले पावसाळ्यातले खड्डे मी इथे वर्णन करणार नाही, आपण सगळे जातो.

पण खरी अडचण वेगळीच आहे. बरेच लोक समजतात की चाक स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरलं जातं. वजन पेलतं ते दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. नट सैल झाला की दाब गेला, आणि मग स्टडला आडवे धक्के बसू लागतात. त्यासाठी तो केलेलाच नसतो. ॲडॅप्टर लावला की असे दोन सांधे होतात आणि आतला सांधा चाकामागे लपतो. आतले चार नट सैल झालेत का, हे चाक उतरवल्याशिवाय कळतच नाही. आम्ही कोडमध्ये उठसूट ॲडॅप्टर लिहितो, १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकात त्याचा अख्खा विभाग आहे. पण आमचा ॲडॅप्टर बिघडला तर रात्री फोन वाजतो. भिसे खिंडीत उताराला चाक निघालं तर फोन कुणाला करायचा?

चांगले ॲडॅप्टर असतात. घडीव ॲल्युमिनियमचे, हबच्या बरोबर मापाचा गळा असलेले, टॉर्क रेंचने आवळून शे-शंभर किलोमीटरला पुन्हा तपासायचे. शर्यतीवाले वापरतात. पण चाकं निघतात तेव्हा तपासणारा माणूस त्यांच्याकडे असतो. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीच्या मूळ नमुन्यात फेरफार चालणार नाही. अपघातानंतर विमावाला पहिल्यांदा तेच बघेल.

मी त्याला विचारलं, त्या अलॉयला भोकं किती? चारच. आपल्याकडे आठ भोकांची अलॉय सर्रास मिळतात, चार शंभरची आणि चार ११४.३ ची. तशी असती तर प्लेटचा प्रश्नच नव्हता, एकच सांधा, मूळचाच. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, मित्राच्या जीपचीही चाकं मोजून बघतो, पण पाच भोकांना समोरासमोर भोक नसतं, मोजायचं कसं? शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घे, १.७ ने गुण. जीपला ८२ मिलिमीटर भरतात. त्याने टेप लावला आणि फोनवरच ओरडला, "सव्वातीन इंच आहे रे!"