कणगी ते लॉफ्ट : घरातल्या साठवणीचा थोडा इतिहास

सोसायटीला २५ वर्षे झाली आणि एकापाठोपाठ एक फ्लॅटचे नूतनीकरण सुरू झाले. सुताराला प्रत्येक घरात पहिली सूचना एकच मिळते, "आधी सामान ठेवायची सोय बघा." हा प्रश्न काही फ्लॅटबरोबर जन्माला आलेला नाही. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे जव्हारला गेली. कर्जाच्या पाहणीसाठी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जी घरे पाहिली, त्यांच्या आधाराने हे लिहीत आहे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले, ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. पर्यटक तिथला जयविलास राजवाडा पाहतात. पण घर कसे असावे हे शिकायचे तर वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्या घरांत डोकवावे.

तिथली भिंत कारवीच्या काठ्यांची. तिला कूड म्हणतात. त्यावर माती-शेणाचा लेप, त्यामुळे घर थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार. लग्नात त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर-कापडावर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज आपण रंगाच्या दुकानात 'वॉर्म शेड' मागतो, तो बराचसा त्या भिंतीवरचा गेरूच असतो!

साठवणीचा मान कणगीचा. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसाच्या छातीइतकी उंच. बहुधा ती अशी उभी असे की तिचाच आडोसा होऊन घराचे दोन भाग पडत. म्हणजे कपाट तेच आणि पार्टिशनही तेच. चुलीच्या वर माळा; धुरामुळे तिथल्या बियाण्याला कीड लागत नसे. आढ्याला शिंके, वळचणीला इरली आणि अवजारे. एक हात जागा वाया नाही.

पण कणगी हे त्या घराचे पासबुकही होते. भात, नागली, वरई दिवाळीच्या सुमारास घरात येई आणि आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागे. म्हणून तर आदिवासी विकास महामंडळाला खावटी कर्जाची योजना काढावी लागली. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा रिकाम्या कणगीचा अर्थ शहरालाही कळला. आजही कापणी उरकली की कित्येक कुटुंबे दार लावून वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात.

शहरात गोष्ट वेगळी घडली. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने आपल्यासारख्यांचा मार्ग सोपा झाला. चाळीतला माळा फ्लॅटमध्ये लॉफ्ट झाला, फडताळाच्या जागी कडाप्प्याचे कप्पे आले, आणि आता प्लायवूडची छतापर्यंत कपाटे.

नूतनीकरण जरूर करावे. बैठकीत खालून उघडणारा दिवाण, स्वयंपाकघरात ओट्याखाली ट्रॉल्या, दारामागे उथळ कपाट, एवढ्यानेही पुष्कळ भागते. बाहेरच्या भिंतीला कपाट लावताना मागे थोडी फट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. बीम-कॉलमला मात्र हात लावू नये आणि तोडफोडीआधी कमिटीला लेखी कळवावे.

कपाटाचे माप देण्यापूर्वी एकदा जुना लॉफ्ट रिकामा करून बघा. कणगीतला दाणा न् दाणा वर्षभरात कामी येई. आपल्याकडे ताबा घेतला त्या दिवशी वर चढवलेली खोकी अजून उघडलेली नाहीत. निम्मी साठवण तिथेच मोकळी होईल.

आणि गोणी खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्या मजुराला पाण्याचा तांब्या देताना गाव जरूर विचारा. 'मोखाडा' असे उत्तर आले, तर ज्यांच्या पूर्वजांकडून ही विद्या शिकावी, तेच आपले घर लावायला आले आहेत असे समजा.