कुळाची जमीन आणि येरळेचें पाणी

सांगली जिल्ह्यांतील जमिनीचा इतिहास ज्यास पाहावयाचा असेल, त्यानें कृष्णाकांठचे मळे सोडून खानापूर तालुक्यांत येरळेच्या पात्रापाशीं जावें. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत कुळकायदा झाला. पुढें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कूळ हेंच कायद्यानें जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. ही क्रांति लहान नव्हे. परंतु सातबाऱ्यावर नांव चढलें म्हणून विहिरीस पाणी लागत नाहीं. या अवर्षणी माळावरील जमिनीचे धनी मुंबईच्या गिरण्यांत पाळ्या करीत. १९८२ च्या संपानें तोही आधार तुटला आणि पुष्कळजण गांवीं परतले.

त्यांच्यांतच मुक्ति संघर्ष चळवळ वाढली. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत. बलवडी व तांदुळवाडी या गांवांनीं तींतील थोडी आपणच विकून धरणास पैसा उभारण्याचा हक्क सरकाराशीं झगडून मिळविला, आणि बळिराजा स्मृति धरण बांधलें. आम्हांस थोर वाटतें तें त्याच्या वांटपाचें तत्त्व: पाण्याचा हिस्सा एकरांच्या मापानें नव्हे, घरागणिक सारखा, भूमिहीनासही. १८३६ सालीं इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मातीचा कस आण्यांत मोजण्यास आरंभ केला. तेव्हांपासून आमचे कायदे मातीभोंवतींच फिरले. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढावा, हें आम्हां पुस्तकी मंडळींस सुचलें नव्हतें!

पुढें टेंभू योजनेचें कृष्णेचें पाणी यावयाचें ठरलें, तेव्हां आटपाडीच्या शेतकऱ्यांनींही समान वांटपाचेंच मागणें लावून धरलें.